साहेब ओरडले? आधी तारीख टिपून ठेवा

सातपूरला शिफ्ट सुटली की पहिला कटिंग साहेबांच्या उद्धारातच संपतो. मन हलकं होतं, हाती काही लागत नाही. कामगार कायदे वाचणं हा माझा (जरा विचित्रच) छंद, म्हणून सांगतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवीच. सदस्य जास्तीत जास्त १०, त्यात निम्मे कामगारांचे. घटनेपासून वर्षभरात अर्ज करता येतो, समितीने ३० दिवसांत काम संपवायचं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. कॉम्प्युटरवर बसणारा तांत्रिक कर्मचारीही 'कामगार' ठरू शकतो. मॅनेजर आणि १८,००० रुपयांहून जास्त पगाराचा सुपरवायझर मात्र नाही.

अर्जात 'साहेब नालायक आहेत' असं लिहू नका. तारीख, वेळ, नेमके शब्द, तिथे कोण होतं, एवढंच पुरे. आणि साहेबांना कामच कळत नसेल तर? तोंडी ऑर्डर मिळताच 'आपण सांगितल्याप्रमाणे…' असा मेल टाका. ड्रॉइंग चुकलं, माल रिजेक्ट झाला, की तोच मेल उघडायचा.