तिकिटाचे चित्र : स्वतःचे की उसने?

टपाल तिकिटांचा संग्रह पाचपन्नास तिकिटांचा असतो, तोवर सारे तोंडपाठ असते. तो हजाराच्या घरात गेला की यादी करावीच लागते. ही यादी आता संगणकावर करता येते आणि प्रत्येक नोंदीशेजारी तिकिटाचे चित्रही ठेवता येते. दमट हवेने तिकिटांवर बुरशी आली किंवा आल्बमच हरवला, तर आपल्यापाशी नेमके काय होते हे सांगणारा साक्षीदार म्हणजे ही यादी होय.

मग ही चित्रे आणायची कोठून? इंटरनेटवर देश, वर्ष आणि किंमत टाकली की क्षणात अनेक चित्रे समोर येतात. त्यांतले एक उचलून नोंदीशेजारी ठेवले तर काय बिघडले? तिकीट तर तेच आहे! ते खरोखर ‘तेच’ असते का, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

जगातील पहिले टपाल तिकीट म्हणजे ब्रिटनचे १८४० सालचे ‘पेनी ब्लॅक’. त्याच्या एका तावावर २० आडव्या ओळींत १२-१२, म्हणजे २४० तिकिटे असत. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असत. डावे अक्षर ओळ सांगे, तर उजवे त्या ओळीतील जागा. म्हणजे एका तावावरील कोणत्याही दोन तिकिटांची अक्षरजोडी सारखी नसे. शिवाय तावाला छिद्रे नसल्यामुळे तिकीट कात्रीने कापावे लागे आणि प्रत्येकाच्या कडा निराळ्या होत. दुसऱ्याच्या पेनी ब्लॅकचे चित्र आपल्या यादीत लावणे म्हणजे ओळखपत्रावर शेजाऱ्याचा फोटो लावण्यासारखेच आहे.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली. त्याबरोबर नव्या पैशांतील किमतींची, भारताच्या नकाशाची तिकिटे निघाली. ती नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात. प्रथम त्यांच्या कागदात ताऱ्यांचे जलचिन्ह असे. १९५८ पासून याच नकाशाची तिकिटे अशोकस्तंभाच्या शीर्षाचे जलचिन्ह असलेल्या कागदावर निघू लागली. जलचिन्ह म्हणजे कागद ओला असताना त्याच्या थराची जाडी थोडी कमीजास्त करून उमटवलेली आकृती. ती तिकिटाच्या पुढच्या बाजूच्या चित्रात सहसा दिसत नाही. म्हणून दोन वेगळ्या तिकिटांना एकच चित्र लावले, तरी चूक कोणाच्या ध्यानात येणार नाही.

यावर उपाय म्हणजे आपल्या तिकिटाचे चित्र आपणच घेणे. यासाठी स्कॅनर उत्तम. तिकीट चिमट्याने काचेवर पालथे ठेवा आणि त्याच्यावर काळा कागद ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर कडेचे पांढरे दाते उठून दिसतात. नंतर मागच्या बाजूचेही चित्र घ्या. जलचिन्ह बहुधा तिथेच अंधुक दिसते.

स्कॅनर दर इंचास ६०० बिंदूंवर ठेवावा. हा आकडा का, ते पाहू. तिकिटाचे छिद्रमान म्हणजे २ सेंटिमीटर लांबीत बसणाऱ्या छिद्रांची संख्या. छिद्रमान १४ असेल, तर १४ दात्यांची लांबी बरोबर २० मिलिमीटर भरते. ते १३.५ असेल, तर तेवढ्याच दात्यांना सुमारे २०.७४ मिलिमीटर लागतात. फरक जेमतेम पाऊण मिलिमीटरचा! पण दर इंचास ६०० बिंदू असताना एक बिंदू ०.०४२ मिलिमीटरचा असतो. तेव्हा हा फरक सुमारे १७ बिंदूंचा होतो आणि पडद्यावर सहज मोजता येतो. उसन्या चित्राचे प्रमाण ठाऊक नसल्यामुळे अशी मोजणी करता येत नाही.

जागेची चिंता नको. २ सेंटिमीटर रुंद आणि २.४ सेंटिमीटर उंच तिकिटाचे चित्र ४७२ गुणिले ५६७, म्हणजे सुमारे २ लाख ६८ हजार बिंदूंचे होते. दर बिंदूस ३ बाइट धरले, तर ८ लाख बाइट होतात. अशी हजार चित्रे ८० कोटी बाइटांत, म्हणजे साध्या पेन ड्राइव्हवर मावतात. म्हणून मूळ चित्र फार आवळून साठवू नये. आवळताना नेमक्या दात्यांच्या कडाच पुसट होतात.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल. तो तिकिटाला समांतर धरा, नाहीतर आयताचा समलंब चौकोन होतो. शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे प्रमाण चित्रातच नोंदले जाईल.

मग इंटरनेटवरील चित्रे निरुपयोगी का? मुळीच नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयासारख्या संस्थांनी आपल्या ठेव्याची चित्रे खुली केली आहेत. आपले तिकीट ओळखण्यासाठी ती शेजारी ठेवून पाहावीत. आपल्याकडे नसलेल्या तिकिटाची जागा दाखवण्यासाठीही ती उपयोगी पडतात. मात्र वापरण्याची परवानगी आहे ना ते पाहावे. चित्राखाली ‘उसने’ असे लिहून ते कोठून घेतले हेही नोंदवावे. क्रमांक लिहिताना सूचीचे नावही लिहावे, कारण गिबन्स, स्कॉट आणि मिशेल या सूच्यांमध्ये एकाच तिकिटाचे क्रमांक निरनिराळे असतात.

करून पाहा : एकसारखी दिसणारी दोन जुनी तिकिटे घ्या. दोन्ही बाजूंनी स्कॅन करून त्यांचे छिद्रमान पडद्यावर मोजा. मग मागच्या चित्रात जलचिन्ह शोधा. ती खरोखरच जुळी आहेत का, याचे उत्तर तुमच्याच यादीत मिळेल.