पत्र्यावर चढण्याआधी : शिडी नीट लावा, नीट उतरा

मे महिना सरत आला की तुर्भ्याच्या वस्त्यांत एकच घाई सुरू होते. मुंबईकडे पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो. त्याआधी ताडपत्री टाकायची, फुटलेल्या पत्र्याला डांबर लावायचं, उडू नये म्हणून वर दगड-टायर ठेवायचे. तुर्भे स्टोअर असो, इंदिरानगर असो की हनुमाननगर, हे काम बहुतेक घरी घरचाच माणूस करतो. शिडी शेजाऱ्याची, दोरी कपडे वाळत घालायची, आणि खाली धरायला शाळेला सुट्टी असलेलं पोर.

पत्र्यावर चढणं हे फक्त पावसाळ्याचं कामही नाही. १४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला झेंडे व लाइटिंग लावायला मुलं चढतात. संक्रांतीला पतंगामागे चढतात. डिश हलली, टाकी भरली का बघायची, तरी आपण वर. आणि ज्यांच्या घरावर भाड्याची खोली आहे, तिथे तर बाहेरची उभी लोखंडी शिडी हाच रोजचा जिना.

आपल्या घराची वळचण साधारण दहा फुटांवर असते. दहा फूट म्हणजे काही विशेष नाही, असं वाटतं. पण तिथून माणूस पडला तर जमिनीवर यायला पाऊण सेकंद लागतो आणि तो ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने आदळतो. तेवढ्या वेळात हात पुढे करायलाही सवड मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि त्यांतली बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. आम्ही आरोग्याचं काम करणाऱ्या बायका एवढंच सांगतो : हे नशीब नाही. शिडी का सरकते, पत्रा का फुटतो, याला कारणं आहेत. कारण कळलं की उपाय करता येतो.

शिडी चांगली आहे का?

चढण्याआधी शिडी आडवी ठेवून दोन मिनिटं बघा. बांबूला उभी चीर गेली आहे का? किडीचं पिवळसर पीठ गळतंय का? पायऱ्या नुसत्या खिळ्यांवर ठोकल्या आहेत का? असतील तर ती शिडी वापरू नका. पायरी बांबूत खाच करून बसवलेली आणि वर तारेने किंवा दोरीने घट्ट बांधलेली असावी. बांबूच्या शिडीला रंग देऊ नये, कारण रंगाखाली चीर दिसत नाही. ॲल्युमिनियमची शिडी असेल तर तिच्या पायातले रबर शाबूत आहेत का ते बघा. रबर गेलेली शिडी लादीवर साबणासारखी घसरते.

लांबीचंही गणित आहे. शिडीचं टोक पत्र्याच्या कडेपासून निदान तीन फूट वर आलं पाहिजे. वर गेल्यावर धरायला तेवढंच असतं. दहा फुटांच्या वळचणीला म्हणून चौदा फुटांची शिडी लागते. कमी पडते म्हणून खाली ड्रम, विटा किंवा स्टूल ठेवून त्यावर शिडी उभी करणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

चारास एक

शिडी फार उभी लावली तर माणूस मागे पडतो. फार तिरकी लावली तर खालून सरकते. म्हणून नियम लक्षात ठेवा : चार फूट उंचीला एक फूट अंतर. शिडी दहा फुटांवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून अडीच फूट, बारा फुटांवर टेकत असेल तर तीन फूट. फूटपट्टी नको. शिडीच्या पायाशी आपल्या पायाची बोटं टेकवून ताठ उभे राहा, हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे करा. तळवे समोरच्या पायरीला सहज टेकले, तर कोन बरोबर आहे.

आपल्या गल्ल्या अरुंद. काही ठिकाणी अडीच फूट जागाही मिळत नाही. तिथे शिडी जबरदस्तीने उभी करू नका. दुसऱ्या बाजूने, शेजाऱ्याच्या अंगणातून चढता येतं का बघा. विचारायला लाज कसली? शिडीचे दोन्ही पाय सपाट, कोरड्या जागी हवेत. गटाराच्या झाकणावर नकोत, ओल्या लादीवर नकोत. टोक पन्हाळीवर किंवा पत्र्याच्या सुट्या कडेवर टेकवू नका. भिंतीवर किंवा पक्क्या लोखंडी पाइपवर टेकवा.

चढताना आणि उतरताना

खाली धरायला मोठं माणूस हवं, मूल नको. त्याने शिडीकडे तोंड करून दोन्ही हातांनी उभे दांडे धरावेत आणि एक पाय खालच्या पायरीवर दाबून ठेवावा. बोलणं, मोबाइल, काही नाही.

चढणाऱ्याने तोंड शिडीकडे ठेवावं. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन अवयव सतत शिडीला लागलेले असावेत. त्यासाठी हात रिकामे हवेत. ताडपत्री, डांबराचा डबा, हातोडी हातात घेऊन चढू नका. वर गेल्यावर दोरीने बादली ओढून घ्या. शिडीवर एका वेळी एकच माणूस. स्लीपर काढून ठेवा, पट्ट्याची चप्पल किंवा बूट घाला. साडीचा पदर आणि निऱ्या खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा. गाऊन घालून चढू नका.

सगळ्यात धोक्याचा क्षण शिडीच्या टोकाशी असतो, जिथे माणूस शिडी सोडून पत्र्यावर जातो. तिथे घाई नको. आधी शिडीचं टोक आतल्या पक्क्या पाइपला दोन्ही बाजूंनी दोरीने बांधा. बांधेपर्यंत खालच्या माणसाने हात सोडायचा नाही. मग वर आलेला दांडा धरून बाजूने पाऊल टाका. शिडीच्या टोकावरून उडी मारून किंवा वरच्या पायरीवर उभं राहून जाऊ नका.

उतरताना पाठ बाहेर, तोंड शिडीकडे. आधी दांडा घट्ट धरा, मग एक पाय पायरीवर टेकवून चाचपा, मग वजन टाका. पुढे तोंड करून जिन्यासारखं उतरू नका. शेवटी येणाऱ्याने शिडीवर नीट उभं राहून, खाली कुणी धरलेलं असतानाच दोरी सोडावी. खाली आल्यावर शेवटची पायरी चुकणं फार नेहमीचं आहे. पाय जमिनीला लागला हे बघूनच हात सोडा.

पत्रा म्हणजे जमीन नव्हे

सिमेंटचा पत्रा दिसतो दगडासारखा, पण माणसाचं वजन घेण्यासाठी तो बनवलेलाच नाही. ऊन-पावसाने तो दरवर्षी ठिसूळ होतो आणि तडा न दाखवता एकदम फुटतो. बोल्टच्या रेषेवर पाय ठेवला की झालं, असं अनेक जण सांगतात. खाली पाइप असतो हे खरं, पण पाऊल दोन इंच सरकलं की संपलं. उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्रा तर आणखी कच्चा.

म्हणून पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. दीड फूट रुंद, जाड, न तुटलेली फळी निदान दोन पाइपांवर टेकेल अशी आडवी टाका. अशा दोन फळ्या ठेवा, म्हणजे एकीवर बसून दुसरी पुढे सरकवता येते. उभ्याने चालू नका, बसून सरका. जमेल तिथे भोक आतूनच, खालून बुजवा. जुना सिमेंटचा पत्रा घासू, कापू किंवा फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन पुढे कॅन्सर होऊ शकतो. फुटलाच तर ओला करून, तोंडाला कपडा बांधून तुकडे गोळा करा.

आणि गळती लागली म्हणून भर पावसात, रात्री कधीही चढू नका. खाली बादली लावा. घर भिजलं तर वाळतं.

वरची तार बघा

गल्लीत डोक्यावर तारांचं जाळं असतं. शिडी उचलण्याआधी मान वर करून बघा. लोखंडी, ॲल्युमिनियमची आणि ओली बांबूची शिडी, तिन्हींतून करंट येतो. तारेपासून दहा फूट लांब राहा. घरातलं मेन स्विच बंद केलं तरी मीटरच्या आधीची, खांबावरून येणारी तार चालूच असते, हे विसरू नका. तार पत्र्याला लागत असेल किंवा भिंतीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर वर जाऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवा. झेंड्याच्या लोखंडी काठीलाही हाच नियम.

बाहेरची उभी शिडी

वरच्या खोलीची लोखंडी शिडी सरळ उभी असते आणि तिला कठडा नसतो. वेल्डरला सांगून उंबऱ्याच्या वर तीन फूट येतील असे दोन धरायचे दांडे लावून घ्या. पायरीवर नुसता गुळगुळीत पाइप नको, खरखरीत सळई हवी. भिंतीत सिमेंटमध्ये बसवलेला जोड पावसाने आतून गंजतो, तो दर वर्षी हलवून बघा. रात्री तिथे दिवा असू द्या. पाण्याचा हंडा डोक्यावर किंवा कमरेवर घेऊन चढण्यापेक्षा वर कप्पी लावून ओढा. घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा फिट येणारा रुग्ण असेल तर त्यांची झोपायची जागा खाली करा.

कुणी चढू नये

दारू प्यायलेल्याने मुळीच नाही. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीने चक्कर येत असेल, शुगरचं औषध घेऊन पोट रिकामं असेल, ताप असेल, तर त्या दिवशी चढू नका. मे महिन्यात दुपारी पत्रा भाजतो. काम सकाळी नऊच्या आत आटपा.

पडलाच तर

पडलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. मणक्याला मार लागला असेल तर उचलण्यामुळे हातपाय कायमचे जाऊ शकतात. त्याला हलू देऊ नका. डोकं दोन्ही हातांनी आहे तसंच स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते. गाडी गल्लीत येत नाही, म्हणून एकाने मोठ्या रस्त्यावर उभं राहावं. हलवावंच लागलं तर चार-पाच जणांनी मिळून, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर किंवा काढलेल्या दरवाजावर घ्यावं. रिक्षात दुमडून नेऊ नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून धरा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. करंटने पडला असेल तर वीज बंद झाल्याशिवाय हात लावू नका.

उठून चालू लागला तरी चोवीस तास लक्ष ठेवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बरळणं, फिट, कानानाकातून रक्त किंवा पाणी, हातपाय लुळे पडणं, पोटात वाढतं दुखणं, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना. गरोदर बाई पडली तर काही दुखत नसलं तरी तपासणी हवीच. हाड मोडल्याचा संशय असेल तर चोळू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. महापालिकेचं वाशीचं रुग्णालय आपल्याला जवळ आहे.

मजुरीने चढणाऱ्यांसाठी

ठेकेदाराकडे पत्र्याचं काम करत असाल तर शिडी, फळी, हेल्मेट आणि पट्टा देणं ही त्याची जबाबदारी आहे, मेहरबानी नाही. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ मध्ये झाला. वर्षात ९० दिवस असं काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराने कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्यावी आणि दर वर्षी नूतनीकरण करावं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराच्या जिवाची किंमत सरकारने आणि मालकाने मोजली पाहिजे, हा आग्रह त्यांनी तिथे धरला. नोंदणी न करणं म्हणजे मिळालेला हक्क घरी पेटीत ठेवणं.

एक शिडी विहारात

चौदा फुटांची चांगली शिडी प्रत्येक घराला परवडणार नाही आणि ठेवायला जागाही नाही. पण एका गल्लीला एक परवडते. जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढा. एक शिडी, दोन जाड फळ्या, वीस हात चांगली दोरी आणि एक कप्पी घ्या आणि विहारात ठेवा. वहीत नाव लिहून न्यायची, तपासून परत करायची. महिला मंडळाने वही सांभाळावी. शिडी देताना एकच प्रश्न विचारावा : खाली धरणार कोण? नाव सांगता आलं तरच शिडी द्यावी.

पाऊस यायला अजून थोडे दिवस आहेत. या रविवारी वंदना झाली की शिडीचं बोलून घ्या.

जय भीम.