ओळखा पाहू, हा वेश कुणाचा?

बालमित्रांनो, आज आधी एक खेळ खेळू या. चार माणसांचं वर्णन करते. नाव सांगणार नाही आणि चेहराही सांगणार नाही. सांगणार फक्त कपडे. कोण कोण ते तुम्ही ओळखायचं!

पहिला : अंगात चिंध्या जोडून शिवलेला सदरा. डोक्यावर मडक्याचं खापर. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात खराटा.

दुसरा : सूट, टाय, गोल चष्मा. खिशाला पेन, हातात जाडजूड पुस्तक.

तिसरा : गुडघ्यापर्यंत पंचा, हातात काठी, कमरेला लटकणारं घड्याळ.

चौथा : अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट, साधी पँट, पायात चपला. माणूस मात्र देशाचा संरक्षणमंत्री!

काय, ओळखलंत ना? गाडगेबाबा, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महात्मा गांधी आणि आपल्या शेजारच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर. चेहरा न बघता, नुसत्या कपड्यांवरून! यालाच म्हणतात स्वतःची शैली. बाजारात रोज नवी येते ती फॅशन. ती दुकानात मिळते. शैली मात्र दुकानात मिळत नाही. ती ज्याची त्याला शोधावी लागते. मुलींनो, आजचा लेख मुलग्यांच्या कपड्यांवर असला तरी तुम्हीही वाचा हं. भावाला चार गोष्टी सांगायला उपयोगी पडेल!

आता तुम्हाला वाटेल, ही तर मोठी माणसं. त्यांना लहानपणापासूनच कळत असेल काय घालायचं ते. छे! गांधीजींचीच गोष्ट ऐका. १८८८ साली ते शिकायला इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांना एकोणीस वर्षंही पुरी झाली नव्हती. बोटीतून उतरताना घालायला म्हणून त्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट खास जपून ठेवला होता. तो घालून ऐटीत उतरले. बघतात तर काय, सप्टेंबरअखेरच्या त्या थंडीत पांढरे कपडे घातलेले ते एकटेच! सामान दुसऱ्यांच्या ताब्यात दिलेलं, त्यात दुसऱ्या दिवशी रविवार. कपडे बदलायचीही सोय नाही. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी ठरवलं, आपण पक्कं इंग्लिश सद्गृहस्थ व्हायचं. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड मोजून सूट शिवला, एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली आणि टाय बांधायला शिकले. रोज दहा मिनिटं आरशासमोर जाऊ लागली. हे वेड टिकलं तीनेक महिने. हे सगळं त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत लिहून ठेवलंय, बरं का!

पुढे २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत त्यांनी पंचा नेसायचं ठरवलं. अंगभर खादी घेण्याइतके पैसे देशातल्या गरिबांकडे नाहीत, मग मीही तेवढंच वस्त्र नेसेन, असा त्यांचा विचार होता. १९३१ साली ते पुन्हा लंडनला गेले आणि पंचा नेसून, अंगावर शाल घेऊनच राजा पाचवा जॉर्ज याला भेटले. शहर तेच होतं. एकदा तिथे कपड्यांमुळे शरमेनं मान खाली गेली होती. त्रेचाळीस वर्षांनी, त्याहून कितीतरी कमी कपड्यांत, मान ताठ होती. कारण आता आपण हे का नेसलोय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाबासाहेबांनी नेमका उलटा मार्ग धरला. ज्यांना अस्पृश्य मानलं जाई त्यांनी चांगले कपडे आणि दागिने घालू नयेत, असे निर्बंध तेव्हा देशात अनेक ठिकाणी होते. नुसते कपडे बघून जात ओळखावी आणि माणसाला दूर उभं करावं, अशी ती रीत! अशा काळात बाबासाहेब अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकले आणि सुटाबुटात सभांतून उभे राहू लागले. तो सूट म्हणजे नुसती ऐट नव्हती. 'मी कुणापेक्षाही कमी नाही,' हे तो न बोलता सांगत होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांनाही सांगितलं, की जात ओळखू येईल अशा पद्धतीनं लुगडं नेसू नका, अंगावरच्या चांदीच्या जड दागिन्यांचा भार टाका आणि स्वच्छ राहा.

आणि गाडगेबाबा? पंढरपूरसारख्या ठिकाणी त्यांनी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःच्या अंगावर चिंध्याच ठेवल्या. डोक्यावरचं गाडगं उन्हात टोपीचं काम करी आणि जेवणाच्या वेळी ताटाचं!

पर्रीकर मुंबईच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले. २००० साली ते गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि २०१४ ते २०१७ या काळात देशाचे संरक्षणमंत्री होते. आमच्या इन्सुलीहून बांद्याच्या पुढे गेलं, की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. हवा दोन्हीकडची सारखीच, दमट आणि घामाची. अशा हवेला अर्ध्या बाह्यांचा सैल शर्ट शोभतोच. पण खुर्ची मोठी झाली म्हणून त्यांनी तो सोडला नाही, हे विशेष.

बघा हं, एकाचा सूट आणि दुसऱ्याचा पंचा. दोन्ही बरोबर कसे? कारण 'हे का घातलंस?' या प्रश्नाला चौघांकडेही उत्तर होतं आणि 'सगळे घालतात म्हणून' हे ते उत्तर नव्हतं.

आता आपल्याकडे या. चतुर्थी जवळ आली की घराघरांत नव्या कपड्यांचा विषय निघतो. मुंबईहून चाकरमानी येतात, त्यांच्या मुलांच्या पँटी आणि बूट बघून इथल्या मुलांचे डोळे विस्फारतात. मोबाईलमधले नट असतातच. मग सुरू होतो हट्ट. 'मला तस्साच हवा!' त्या एका बुटाच्या किमतीत घरात कुणाकुणाचे कपडे राहून जातात, ते मात्र दिसत नाही.

आपल्या दशावतारातला राजा आठवा. मुकुट, दागिने, रंगवलेला चेहरा, काय तो रुबाब! पण पहाटे नाटक संपलं की सगळं पेटाऱ्यात जातं आणि नट आपल्या साध्या कपड्यांत घरी निघतो. रंगमंचावर सोंग शोभतं. रोजच्या जगण्यात मात्र दुसऱ्याचं सोंग किती दिवस मिरवणार?

मग आपली शैली शोधायची कशी? सांगते.

१) माप आधी, किंमत नंतर. शर्टाची खांद्याची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथेच यायला हवी. पूर्ण बाही मनगटाच्या हाडापर्यंत. गळ्याचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज जावीत. पँटच्या पायांना खाली चुण्यांचा ढीग नको. मापाचा स्वस्त शर्ट बेमाप महागड्या शर्टापेक्षा नेहमी छान दिसतो.

२) कापड ओळखा. शंभर ग्रॅम कोरडा कापूस हवेतली सात-आठ ग्रॅम ओल शोषून घेतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. म्हणून उन्हाळ्यात सुती शर्ट बरा वाटतो आणि पॉलिएस्टरचा अंगाला चिकटतो. पण पावसाळ्यात तेच पॉलिएस्टर पटकन वाळतं! दोन्हींचं मिश्रण असलेलं कापड म्हणूनच कामाचं.

३) रंग आरशासमोर ठरवा. दोन-तीन रंगांचे कपडे चेहऱ्याजवळ धरा, तेही दिवसाच्या उजेडात. घरातल्या कुणीतरी 'झिला, ह्या तुका बरा दिसता' म्हटलं की तो रंग लक्षात ठेवा.

४) थोडे पण जुळणारे. दोन पँटी आणि तीन शर्ट एकमेकांवर चालणारे असतील, तर किती जोड होतात? तीन दुणे सहा! एकाच पँटवर चालणारे सहा शर्ट घेण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

५) तुटलेलं बटण स्वतः लावायला शिका. उसवलेली शिवण घाला. शिवणकाम हे मुलीचं काम, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, गावातले शिंपीकाका कोण मग?

गणवेशात कसली आलीय शैली, असं म्हणू नका हं. पन्नास मुलं एकाच रंगात उभी असली, तरी धुतलेला सदरा, बटणं नीट लावलेली आणि केस विंचरलेले, असा मुलगा लांबूनही कळतो. आणि एखाद्याच्या सदऱ्याला ठिगळ दिसलं किंवा दादाचा ढगळ सदरा त्याच्या अंगात दिसला, तर हसू नका. कपड्यांवरून माणसाला हिणवणं किती जुनं आणि किती वाईट आहे, ते महाडच्या गोष्टीत आपण पाहिलंच.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन माप मोठा शर्ट घेतला, की पोर तो अंगात येईपर्यंत अवघडून वावरतं. त्यापेक्षा शिंप्याला शिवणीत 'माया' ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येईल. आणि यंदाच्या खरेदीत एक शर्ट मुलाला निवडू द्या. आधी रक्कम सांगा, मग गप्प राहा! निवड चुकली तरी चालेल. पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट कुणालाही चुकत नाही.

मित्रांनो, येत्या रविवारी कपाट, ट्रंक, जे असेल ते उघडा. सगळे कपडे बाहेर काढा आणि प्रत्येकाला विचारा, 'तुला मी का घालतो?' ज्याचं उत्तर मिळेल तो उजवीकडे, न मिळेल तो डावीकडे. उजवीकडचा ढीग लहान असेल, पण तुमची शैली त्यातच सापडेल. डावीकडचे कपडे मात्र फेकू नका हं. स्वच्छ धुवून, बटणं लावून, ज्याला उपयोगी पडतील त्याला द्या!