फर्माने न केलेले पाच भागाकार

४,२९,४९,६७,२९७. दोनचा बत्तिसावा घात, अधिक एक. पिएर द फर्माची खात्री होती की ही मूळ संख्या आहे. तुलूझच्या न्यायालयात नोकरी आणि फावल्या वेळात गणित, असा हा गृहस्थ. दोनचा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घेऊन एक मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात. पाचही मूळ! पुढच्याही तशाच असणार, असं त्याने १६४० मध्ये पत्रातून कळवलं. सिद्धता मात्र हाती नाही, हेही लिहिलं.

१७३२ मध्ये ऑयलरने त्या खात्रीला सुरुंग लावला: ही संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७.

आता ६४१ सापडला कसा? वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायचं, तर त्या ६,५४२ भरतात. पण एखाद्या मूळ संख्येने हिला नि:शेष भाग जात असेल, तर तिने भागल्यावर दोनच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक उरते आणि चौसष्टाव्या घाताची एक. त्यावरून असं निघतं की त्या विभाजकातून एक वजा केल्यावर उरेल त्याला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. ऑयलरने ही कारणमीमांसा पुढे सविस्तर मांडली. मग उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात निकाल! गंमत म्हणजे यासाठी लागणारा नियम खुद्द फर्माचाच, तोही १६४० चाच.

आज तर भागाकाराचीही गरज नाही. ५ गुणिले १२८ म्हणजे ६४०. ६४१ च्या हिशेबात उणे एक. त्याचा चौथा घात एक. तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात. पण ६२५ आणि १६ मिळून ६४१, तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ चालतं. सोळा हा दोनचा चौथा घात. अठ्ठावीस नि चार बत्तीस. म्हणजे दोनच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक. त्यात एक मिळवा, शून्य. कागदाच्या कपट्यावर मावणारा इतका देखणा हिशेब अंकगणितात क्वचितच भेटतो.

पुढची संख्या वीस अंकी. बुद्धिबळाच्या पटावरच्या त्या प्रसिद्ध दाण्यांपेक्षा फक्त दोनने मोठी. ती १८८० मध्ये फोडली लॅन्ड्री या फ्रेंच गणितज्ञाने, वयाच्या ८२ व्या वर्षी. तिचा लहान अवयव २,७४,१७७.

त्यापुढे प्रकरण हाताबाहेर जातं. १८७७ मध्ये पेपँने एक कसोटी दिली. तीनचा एक प्रचंड घात काढायचा आणि बाकी पाहायची. उणे एक आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही. अवयव कोणते, याबद्दल कसोटी चकार शब्द काढत नाही. दोनचा १०,४८,५७६ वा घात अधिक एक ही ३,१५,६५३ अंकी संख्या मूळ नाही, हे १९८७ मध्ये संगणकाने ठरवलं. तिचा एकही विभाजक अजून कुणाच्या हाती लागलेला नाही.