पाय काढण्याआधी

साठीतला एखादा माणूस सकाळी फिरायला निघतो. दोन-तीनशे पावलं चालला की पोटरीत गोळा आल्यासारखं होतं आणि त्याला थांबावं लागतं. कट्ट्यावर दोन मिनिटं टेकलं की दुखणं गायब होतं. पुन्हा चालू लागला की साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. घरी सांगितलं तर कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं वात आहे, कुणी म्हणतं नस दबली असेल. तेल चोळून होतं, गरम पाण्याच्या पिशवीने शेकून होतं, कंबरेचा एमआरआयसुद्धा काढून होतो. पायापर्यंत रक्त पुरेसं पोचतंय का, हे मात्र बघायचं राहून जातं.

छातीत कळ आली तर आज खेड्यातला माणूसही अँजिओग्राफीचं नाव काढतो. हृदयाच्या धमनीत चरबीचा थर साचतो आणि झटका येतो, हे घरोघरी ठाऊक झालं आहे. तोच थर पायाच्या, मानेच्या, पोटातल्या धमन्यांतही साचतो, हे तितकंसं पोचलेलं नाही. हृदयाबाहेरच्या या रक्तवाहिन्यांचे आजार बघणारा डॉक्टर म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन. बहुतेक रुग्ण त्याच्याकडे पोचतात ते पायाचं बोट काळं पडल्यावर.

पोटरीच्या दुखण्याचं कारण सरळ आहे. बसलेल्या माणसाच्या स्नायूंना रक्त थोडं लागतं, चालणाऱ्याच्या स्नायूंना कितीतरी पट जास्त. धमनी अरुंद झालेली असेल तर बसल्या जागी भागतं, चालताना भागत नाही. म्हणून दुखणं ठरावीक अंतरावर सुरू होतं आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. मणक्यामुळे पाय दुखत असेल तर बहुधा उभं राहून भागत नाही. बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. एवढी एक गोष्ट डॉक्टरांना नीट सांगितली तरी निदानाची दिशा बदलते.

आजार वाढला की बसल्या जागीही रक्त पुरत नाही. कालव्याच्या टेलला शेत असलेल्या शेतकऱ्यासारखी पायाच्या बोटांची गत होते: वर पाणी कमी पडलं की पहिला फटका त्यांना. रुग्ण रात्री दुखण्याने जागा होतो आणि पाय पलंगाखाली लोंबकळत सोडून बसतो, कारण उताराने थोडं रक्त खाली उतरतं आणि बरं वाटतं. पाऊल गार लागतं, नखाजवळची बारीकशी जखम महिना उलटला तरी भरत नाही. या टप्प्यावर घरच्या शेकाने नुकसान होतं. आधीच रक्त कमी असलेल्या कातडीला उष्णता सोसत नाही आणि भाजलेलं लवकर भरूनही येत नाही.

मधुमेह असेल तर गोष्ट आणखी अवघड होते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. हा आजार एकीकडे गुडघ्याखालच्या बारीक धमन्या कडक आणि अरुंद करतो, तर दुसरीकडे पायाच्या संवेदना बोथट करतो. चपलेत खडा गेलेला कळत नाही, भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चाललं तरी तळव्याला फोड आलेला कळत नाही. दुखणं ही शरीराने दिलेली सूचना असते. इथे ती सूचनाच येत नाही. त्यामुळे पोटरीत गोळा येण्याचा टप्पा न येताच कित्येक रुग्ण थेट चिघळलेली जखम घेऊन दवाखान्यात येतात.

तंबाखूचा वाटा याहून मोठा. चरबीचा थर साचण्याच्या आजारात ती असतेच, पण तिच्या जोरावर चालणारा एक वेगळा आजारही आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधले लिओ बर्गर यांनी १९०८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तिशी-चाळिशीतला, विडी किंवा सिगारेट ओढणारा पुरुष हा त्याचा नेहमीचा रुग्ण. भारतातल्या रुग्णालयांना तो चांगलाच परिचयाचा आहे. यात पायाच्या, कधी हाताच्याही, लहान धमन्यांना सूज येऊन त्या गुठळ्यांनी बुजतात. बायपास करायचा तर नवी वाट जोडायला खाली धड धमनीच उरलेली नसते. इथे खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद करणं. ‘दिवसाला एखादीच’ इथे चालत नाही. विडी सुटली तर बहुतेकांचा पाय वाचतो, नाही सुटली तर एकेक बोट जात राहतं.

निदानाची पहिली पायरी स्वस्त आहे आणि तिला सुई लागत नाही. रुग्णाला झोपवतात आणि आधी दंडाचा रक्तदाब घेतात. मग तोच पट्टा घोट्याच्या वर गुंडाळतात. घोट्याजवळ थोडी जेली लावून पेनाएवढं डॉप्लर यंत्र टेकवलं की रक्ताच्या ठोक्यांचा फुस्स-फुस्स आवाज ऐकू येतो. पट्ट्यात हवा भरत गेलं की आवाज बंद होतो. हवा सोडताना तो ज्या आकड्यावर परत येतो, तो घोट्याचा दाब. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडात १४० आणि घोट्यात ७० असेल तर उत्तर ०.५, म्हणजे पायाला निम्माच दाब मिळतोय. हे उत्तर १ च्या आसपास असायला हवं, ०.९ च्या खाली गेलं तर धमनी अरुंद झाल्याचं धरतात. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात. या तपासणीचा फायदा पायापुरता नाही. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोकाही जास्त असतो.

निदान झालं म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही. नुसता पोटरीत गोळा येत असेल तर सुरुवात तंबाखू सोडण्यापासून, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांपासून आणि चालण्यापासून होते. होय, चालण्यापासूनच. पोटरी भरून येईपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा निघायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. पायावर जखम नसलेल्या पुष्कळ रुग्णांचं न थांबता चालण्याचं अंतर एवढ्याने चांगलं वाढतं.

ज्यांचं एवढ्याने भागत नाही, त्यांच्यासाठी सर्जनची कारागिरी. तिची एक सुरुवात १८९४ साली फ्रान्समधल्या लिऑन शहरात झाली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना तिथे भोसकण्यात आलं. सुऱ्याने यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली आणि ती शिवता न आल्याने ते दगावले. त्या शहरात वैद्यक शिकणाऱ्या अलेक्सी कारेल या तरुणाने मनावर घेतलं की रक्तवाहिनी शिवता आलीच पाहिजे. बारीक सुई-दोरा हाताळायला तो लिऑनमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकला. गोल नळीची दोन तोंडं शिवताना टाका चुकून पलीकडच्या भिंतीत जातो आणि नळीच बंद होते, ही खरी अडचण होती. कारेलने कडेला समान अंतरावर तीन टाके घेतले आणि ते ताणून धरले. गोल तोंडाचा त्रिकोण झाला, प्रत्येक बाजू सरळ झाली आणि ती शिवणं सोपं झालं. ही पद्धत त्याने १९०२ साली प्रसिद्ध केली. १९१२ साली त्याला नोबेल मिळालं.

पुढची मोठी पायरी १९४८ सालची. पॅरिसमध्ये जाँ क्युनलँ यांनी रुग्णाच्याच पायातली एक लांब शीर काढून बुजलेल्या धमनीला वळसा घालून जोडली. शिरांमध्ये झडपा असतात आणि त्या रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात. म्हणून काढलेली शीर उलटी फिरवून लावावी लागते, नाहीतर रक्त पावलाकडे उतरणारच नाही. पायाच्या बायपाससाठी आजही पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या शिरेलाच असते. ती मिळाली नाही तर कृत्रिम नळी वापरतात.

पाय न चिरता धमनी उघडण्याची कल्पना मात्र सर्जनची नव्हती. अमेरिकेत पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर हे क्ष-किरणतज्ज्ञ होते. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांच्यासमोर ८२ वर्षांची एक बाई आली. तिच्या पावलाला गँग्रीन झालेलं, पाय कापायचा सल्ला मिळालेला आणि ती काही केल्या तयार नव्हती. डॉटर यांनी मांडीच्या धमनीतून एक तार अरुंद जागेपलीकडे सरकवली आणि तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या घालून वाट रुंद केली. पाऊल गरम झालं, जखमा भरल्या आणि पुढे मृत्यू येईपर्यंत, दोन वर्षांहून अधिक काळ, ती बाई स्वतःच्या पायांवर चालली. त्या काळच्या सर्जनना हा उपद्व्याप पसंत नव्हता; एकाने तर तपासणीच्या चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतं की फक्त चित्र काढा, दुरुस्ती करायला जाऊ नका. नळ्यांच्या जागी पुढे फुगा आला, मग स्टेंट आला, आणि आता व्हॅस्क्युलर सर्जन स्वतःच एका खोलीत अँजिओप्लास्टी करतो आणि दुसरीत बायपास. काही रुग्णांना एकाच बैठकीत दोन्ही लागतं.

कधीकधी पाय अचानक बंद पडतो. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर आत झालेली गुठळी सुटून मांडीच्या धमनीत अडकते. पाय एकदम पांढरा, गार, बधिर होतो, भयंकर दुखतो, हलवता येत नाही. अशा वेळी हातात साधारण सहा तास असतात. त्यानंतर स्नायू मरू लागतात. इथे उपयोगी पडणारं साधन अमेरिकेतल्या थॉमस फोगार्टी यांनी बनवलं. त्यांनी रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा बारीक नळीच्या टोकाला बांधला. गोंद धरेना, म्हणून मासेमारीच्या गळाला कृत्रिम माशी बांधतात तशा गाठी मारल्या. मिटलेला फुगा गुठळीपलीकडे न्यायचा, फुगवायचा आणि मागे ओढायचा, की गुठळी बाहेर येते. १९६१ साली तो पहिल्यांदा रुग्णावर वापरला गेला. मात्र ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणत घरी काढलेली रात्र कुठलाही फुगा भरून देऊ शकत नाही.

व्हॅस्क्युलर सर्जनचं काम पायावर संपत नाही. मेंदूकडे जाणारी मानेतली धमनी साफ करून पक्षाघात टाळणं, डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला बनवणं, पोटातली फुगलेली महाधमनी सांभाळणं, हेही त्याचंच. ही महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते, पुरुषांत ५.५ सेंटिमीटरपर्यंत फुगली की ती फुटण्याचा धोका वाढतो आणि ऑपरेशनचा विचार होतो. अल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच आजार होता. १९४८ साली रुडॉल्फ निसेन यांनी तो फुगवटा सेलोफेनमध्ये गुंडाळला, कारण तो काढून तिथे दुसरी नळी बसवण्याचं तंत्र तेव्हा नव्हतं. १९५५ च्या एप्रिलमध्ये महाधमनी फुटली. दुसरं ऑपरेशन आइन्स्टाइन यांनी नाकारलं. आता अशा पुष्कळ रुग्णांमध्ये जांघेतून नळी घालून आतल्या आत अस्तर बसवता येतं. हुआन पारोदी यांनी १९९० साली ब्युनॉस आयर्समध्ये ते करून दाखवलं.

शिरांचे आजार वेगळे. तासन्‌तास उभं राहणारे वाहतूक पोलीस, शिक्षक, न्हावी, आचारी यांच्या पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा दिसतात, कारण आतल्या झडपा निकामी होऊन रक्त खालीच साचतं. त्यांना पाय उंच ठेवून बरं वाटतं, घट्ट मोजे उपयोगी पडतात, आणि गरज लागली तर लेसरने शीर आतून बंद करतात. पण धमनी बुजलेल्या पायाला तेच घट्ट मोजे चढवले तर उरलंसुरलं रक्तही तुटतं. म्हणून पायाच्या जखमेला पट्टी बांधण्याआधी घोट्याचा दाब मोजायचा असतो. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो चोळायचा नाही. खोल शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पाय काढण्याच्या संमतिपत्रावर सही करण्याची वेळ आलीच, तर नातेवाइकांनी विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत: घोट्याचा दाब मोजला का, डॉप्लर आणि अँजिओग्राफी झाली का, रक्तप्रवाह सुरू करता येतो का हे व्हॅस्क्युलर सर्जनने पाहिलं का? जंतुसंसर्ग अंगभर पसरत असेल तर जीव वाचवायला पाय तातडीने काढावा लागतो आणि तिथे थांबण्यात अर्थ नसतो. एरवी एक-दोन दिवस या तपासण्यांना देता येतात. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालणं पुष्कळ सोपं जातं, टाच राहिली तर त्याहूनही सोपं. आणि रक्तपुरवठा आधी सुधारला तर गुडघ्याखालून काढायला निघालेलं पाऊल कित्येकदा एक-दोन बोटांवर निभावतं.