बारकं बघतंय

पहाटेचे सव्वापाच. कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेतल्या तालमीच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून मी आत येतो. एकच पिवळा बल्ब. हौद्यात दोघं जण खोऱ्यानं माती उकरतायत, आणि प्रत्येक घावासरशी तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर असं सगळं मुरलेल्या त्या लाल मातीचा वास वर येतो. शेताचा आणि देवघराचा वास एकत्र यावा तसा.

कडेला पोरं जोर मारतायत. कुणी मोजत नाही, फक्त श्वासांचा आवाज. सगळ्यात टोकाला एक बारकं आहे, नऊ-दहा वर्षांचं. लंगोट त्याच्या कमरेला दोनदा गुंडाळलाय. त्याचं लक्ष जोरांवर नाही, हौद्यातल्या थोरल्या पैलवानावर आहे. थोरल्यानं मान मोडली की हेही मोडतं. थोरल्यानं चिमूटभर माती कपाळाला लावली की याचाही हात कपाळाकडे जातो.

वस्ताद खुर्चीवर बसलेत. सत्तरी ओलांडलेली, कान चेमटलेले. त्यांच्या मागच्या भिंतीवर मारुती, शाहू महाराज, आणि त्यांच्या शेजारी खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे सगळ्या पोरांना पाठ आहे. पण वस्ताद त्यांना पदकाची गोष्ट सांगत नाहीत, घराची सांगतात. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा खाशाबा हेलसिंकीला जाऊ शकले. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या केल्या आणि त्या पैशातून ते घर सोडवलं.

"पदक गळ्यात हुतं, पर डोक्यात मास्तरांचं घर हुतं," वस्ताद म्हणतात. "फोटू त्येच्यासाठी लावलाय."

पोरांच्या ट्रंका आतल्या खोलीत भिंतीला लावून ठेवल्यात. एकाचं झाकण उघडं आहे. आतून सुशीलकुमारचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो चिकटवलाय, कडा पिवळ्या पडलेल्या. हा फोटो मी बघत राहतो. बीजिंगला 2008 साली कांस्य, लंडनला 2012 साली रौप्य. देशातल्या कितीतरी पोरांनी त्या दोन पदकांकडे बघून लंगोट बांधला असेल. आणि मे 2021 मध्ये, दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर एका तरुण पैलवानाला झालेल्या मारहाणीत त्याचा जीव गेला, त्या प्रकरणात याच सुशीलकुमारला अटक झाली. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम. पण ज्या पोरानं हे कात्रण डकवलंय, त्यानं त्या बातमीचं काय केलं असेल?

मी वस्तादांना विचारतो, हा फोटो तुम्ही काढायला लावला नाहीत? ते मान हलवतात. "काढून काय हुतंय? डाव त्येचा चांगला हाय, त्यो शिकावा. वागणं शिकाया इथं मानसं हायत की."

खेळाडूंना आदर्श मानावं का, यावर बोलताना आपण त्यांना अख्खं उचलतो किंवा अख्खं टाकतो, हे मला फार चुकीचं वाटतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणारा, महेंद्रसिंह धोनीला मानतो. दोघंही एकेकाळी रेल्वेत तिकीट तपासनीस होते. पण धोनीकडून त्यानं घेतला तो मैदानावरचा थंडपणा. बंदूक धरणाऱ्याला त्याचाच उपयोग. असं निवडून घेता येतं, मोठ्यांना. बारक्याला येतं का?

तेवढ्यात हौद्यात जोड लागते. थोरल्यासमोर त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, अंगानंही हलका पोरगा. शड्डू घुमतो. खडाखडी होते, थोरला पटात घुसतो, आणि लहान्याची एकचाक अशी काही बसते की थोरला पाठीवर. क्षणभर सगळे जोर थांबतात. लहाना हसत हात पुढे करतो, उठवायला. थोरला तो हात झिडकारतो, उठतो, आणि जाताजाता हौद्यातली माती पायानं उडवतो. लाथच ती. मातीला.

कुणी काही बोलत नाही. वस्ताद उठत नाहीत, ओरडत नाहीत. मला वाटतं, आता शिवी येणार. ते नुसते बोट करतात, भिंतीकडच्या टोकाकडे.

"ते बारकं बघ."

बारक्यानं जोर सोडलेत. हौद्याच्या कडेशी सांडलेल्या मातीत ते उभं आहे. अंगठा खुपसून एकदा, मग पुन्हा एकदा, थोरल्यासारखीच माती उडवतंय. चेहराही तसाच केलाय, ओठ मुडपून. त्याला हा डाव वाटलाय.

थोरला बघत राहतो. घामानं चिखल झालेला त्याचा चेहरा उतरतो. वीस-बावीस वर्षांचा असेल. परवा गावच्या जत्रेतली कुस्ती मारून आलेला, आल्यावर पोरांनी खांद्यावर घेतलेला.

तो लहान्याकडे जातो. त्याचा हात आपल्या हातात घेतो, दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीवरची माती झाडतो. मग खाली वाकून हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावतो. सावकाश. उगवतीच्या झरोक्यातून आता उजेड आत आलाय, त्यामुळे त्याचे डोळे मला स्पष्ट दिसतात.

"चला, खोरं घ्या," वस्ताद म्हणतात. "माती दबलीया."

थोरला खोरं उचलतो आणि उकरायला लागतो. चार-पाच घाव होतात न होतात तोच बारकं हौद्यात उतरतं. खोरं त्याला पेलणार नाही. ते थोरल्याच्या मागोमाग सरकत दोन्ही हातांनी ढेकळं फोडत राहतं.