पित्ताचं दुसरं काम

गावरान कोंबडी साफ करताना आजी कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी अगदी जपून सोडवायची. ती फुटली की रस्सा कडूजहर. ते खरं पित्त. आंबट ढेकर आले की आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो, पण ते जठरातलं आम्ल. अस्सल पित्त यकृतात तयार होतं आणि चरबी पचवायला मदत करतं, एवढंच आपण शाळेत शिकलो. त्याचं दुसरं काम गेल्या काही वर्षांत उलगडलं आणि मला ते पचनाहून विलक्षण वाटतं.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं घडवतं. जेवणानंतर ती लहान आतड्यात उतरतात आणि काम झालं की त्यांतली सुमारे ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. निसटलेली थोडी मोठ्या आतड्यात पोचतात आणि जिवाणूंच्या तावडीत सापडतात. बरेच जिवाणू आधी त्यांना जोडलेलं ग्लायसिन किंवा टॉरिन तोडतात. पुढचं काम अवघड, ते ‘क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स’सारख्या मोजक्याच जातींना साधतं. त्यातून डिऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक ही दुय्यम पित्ताम्लं तयार होतात. आपल्या पेशींना ती मुळीच बनवता येत नाहीत.

आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. अलीकडे जिवाणूंची अफाट वस्ती, पलीकडे प्रतिकारपेशींचा पहारा. त्यांतल्या टीएच-१७ पेशी हल्ल्याला धावतात, तर नियामक टी पेशी त्यांना आवरतात. २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की लिथोकोलिक आम्लाचं एक रूप टीएच-१७ पेशींची वाढ रोखतं आणि दुसरं, आयसोअ‍ॅलो नावाचं, नियामक पेशी वाढवतं. प्रयोग उंदरांवरचे होते, पण अर्थ स्पष्ट होता: यकृतानं पाठवलेल्या कच्च्या मालातून जिवाणू पहारेकऱ्यांसाठी निरोप घडवतात.

हेच आयसोअ‍ॅलो रूप दोन वर्षांनी जपानमध्ये पुन्हा भेटलं. केइओ विद्यापीठातल्या केन्या होंडा यांच्या गटाने शंभरी ओलांडलेल्या १६० जणांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्यात ते इतरांपेक्षा जास्त आढळलं. प्रयोगशाळेत त्याने क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या घातक जंतूची वाढही रोखली. म्हणून ते आयुष्य वाढवतं असं कुणी म्हणू नये. तसं सिद्ध झालेलं नाही.

या जंतूचं नाव घेतलं की मला आमच्या शेजारचे काका आठवतात. दाढदुखीवर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या. दाढ थांबली, पण जुलाब पंधरा दिवस चालले. त्यांना काय झालं होतं, ते कुणी तपासलं नाही. पण अशा गोळ्या पित्ताम्लं बदलणाऱ्या जिवाणूंनाही मारतात. मग यकृताची मूळ पित्ताम्लं तशीच साठतात. त्यांतलं एक डिफिसिलच्या बीजाणूंना रुजवतं आणि त्याला आवरणारी दुय्यम आम्लं उरत नाहीत. डिफिसिलचे जुलाब वारंवार होणाऱ्यांवर अ‍ॅम्स्टरडॅममध्ये निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू आतड्यात सोडण्याचा उपचार झाला. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: सोळांपैकी तेरा जण पहिल्याच वेळी बरे झाले. अशा उपचारानंतर दुय्यम पित्ताम्लं परततात, हेही पुढे दिसलं.

तरीही पित्ताम्लांची गोळी करून सर्वांना द्यावी, असं मी म्हणणार नाही. डिऑक्सिकोलिक आम्ल जास्त झालं तर तेच अस्तराला इजा करतं आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध जोडला गेला आहे. किती, कुठे आणि कुणाच्या आतड्यात, हे ठरवण्याचं काम सध्या प्रयोगशाळांत चालू आहे.